वाक्याच्या शेवटापर्यंत

हात थरथरतो तो सगळ्यांना दिसतो. आवाज खाली जातो तो कुणाच्या पटकन लक्षात येत नाही, आणि ज्याचा जातो त्याच्या तर सर्वांत उशिरा. पार्किन्सन्स म्हटलं की कंप, ताठरपणा, मंदावलेल्या हालचाली, चालता चालता पाय जमिनीला चिकटणं, याबद्दल बोललं जातं. जपून चाला, पडू नका, असं येणारा-जाणारा सांगतो. "तुमचा आवाज बारीक झालाय, त्यावर काही करताय का?" असं विचारणारं माणूस क्वचितच भेटतं. खरं तर हा आजार असलेल्या दहापैकी सात ते नऊ जणांना पुढेमागे आवाजाचा नाहीतर उच्चारांचा त्रास होतो. मला तो सुरू झाला तेव्हा निदान होऊन काही वर्षं गेली होती. गोळ्यांच्या वेळा अंगवळणी पडल्या होत्या. पुढे काय काय येऊ शकतं याची एक यादी मनात तयार होती, तिच्यात आवाजही होता, पण अगदी खाली. आज कुणी मला ती यादी नव्याने करायला सांगितली तर मी आवाज पहिल्या दोनांत घालीन.

हात थरथरला तर कप दोन्ही हातांनी धरता येतो. बोलणं ऐकूच गेलं नाही तर माणूस गप्पांमधून हळूहळू बाहेर पडतो, आणि कुणीही त्याला बाहेर काढलेलं नसतं. चार जण बसलेले असतात. मी काहीतरी म्हणते. कुणीतरी "अं?" करतं. मी पुन्हा म्हणते, तोवर विषय पुढे सरकलेला असतो. तिसऱ्यांदा तेच वाक्य बोलावंसं वाटत नाही, कारण ते तेवढं महत्त्वाचं नव्हतंच. पण गप्पा चालतात त्या असल्या बिनमहत्त्वाच्या वाक्यांवरच! ती बोलायची सोडली की उरतं काय, तर गोळीची वेळ झाली का आणि पाणी हवंय का.

शिवाय चेहऱ्याचे स्नायू आखडतात, आवाजातले चढउतार जातात, आणि समोरच्याला वाटतं ही रागावली आहे किंवा हिला कशातच रस उरलेला नाही. मुलीचा फोन आला आणि मी "बोल गं" म्हटलं की ती विचारायची, "आई, झोपली होतीस का?" मी तर तिच्या फोनची वाट बघत बसलेली असायचे. तपासणीच्या वेळी प्रश्न माझ्याकडे बघून सुरू व्हायचा आणि मधेच नवऱ्याकडे वळायचा, "यांना झोप लागते का नीट?" त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. ज्याचं उत्तर ऐकू येतं त्यालाच माणूस प्रश्न विचारतो.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी 1817 मध्ये या आजारावर निबंध लिहिला. आजार बळावल्यावर रुग्णाचं बोलणं जेमतेम समजतं, असं त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे हे लक्षण पहिल्यापासून नोंदलेलं आहे. का होतं, ते मात्र पुष्कळ नंतर कळू लागलं. मेंदूच्या तळाशी डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि हालचाल किती मोठी करायची याचा अंदाज बिघडतो. पाऊल छोटं पडतं, अक्षर बारीक होत जातं, चालताना हात हलायचे थांबतात, ते याच कारणाने. बोलणं हीसुद्धा हालचालच आहे. छाती पुरेशी फुगत नाही, ध्वनितंतू एकमेकांना पूर्ण भिडत नाहीत, मधल्या फटीतून हवा निसटते आणि आवाज पोकळ, वारा गेल्यासारखा येतो. जीभ आणि ओठ अर्ध्या वाटेवरून परत फिरतात, म्हणून प, ट, क ही ज्यांच्यासाठी तोंडातली वाट क्षणभर पूर्ण बंद व्हावी लागते ती अक्षरं पुसट होतात.

हे सगळं समजायला सोपं आहे. पटायला जड गेली ती दुसरी गोष्ट. या आजारात स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे मोजणारं माणसाचं आतलं मापही बदललेलं असतं. शून्यावर नीट न बसलेल्या वजनकाट्यासारखं ते दर वेळी चुकीचा आकडा दाखवतं आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवून वागत राहतो. त्यामुळे मी पुटपुटत असते तेव्हा मला वाटतं मी नेहमीसारखी बोलतेय. आणि मी खरोखर नेहमीसारखी बोलले की वाटतं, अगं बाई, केवढ्याने ओरडतेय मी. घरच्यांना हल्ली ऐकू कमी येतं अशी तक्रार पार्किन्सन्सचे कितीतरी रुग्ण करतात. त्यांच्या बाजूने ती अगदी प्रामाणिक असते.

स्पीच थेरपिस्टने पहिल्याच भेटीत मला एक परिच्छेद वाचायला लावला आणि फोनवर रेकॉर्ड केला. मग ती उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता मला ऐकू येईल असं वाचा. श्वास, ओठ, जीभ, कशाचाही विचार करू नका. फक्त मोठ्याने." मी वाचलं. वाचताना कानशिलं गरम झाली होती, बाहेर बसलेली माणसं काय म्हणतील असं वाटत होतं. मग तिने दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकवली. पहिल्यात कुणीतरी आजारी बाई दाराआडून बोलत होती. दुसऱ्यात एक बाई वाचत होती. ओरडत नव्हती, आवाज चढवलेला नव्हता, साधं वाचत होती. तो माझा पूर्वीचा आवाज होता.

घरी मी जो सराव करते तो सगळा त्या दोन रेकॉर्डिंगमधल्या फरकावर उभा आहे. मला जो आवाज "फार मोठा" वाटतो तोच बरोबर आहे, हे रोज स्वतःला नव्याने पटवून द्यायचं. घशाचे स्नायू बळकट होतात, श्वास वाढतो, हे फायदे आहेतच. पण माझ्या मते खरं काम आहे ते कानाचं आणि मनाचं.

या पद्धतीच्या उपचारांत सर्वाधिक अभ्यास झालाय तो एलएसव्हीटी लाउडचा. 1987 मध्ये अमेरिकेत लॉरेन रेमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची सुरुवात केली. ली सिल्वरमन या पार्किन्सन्स असलेल्या बाईंचं नाव त्याला दिलेलं आहे. त्यांचं बोलणं आपल्याला ऐकू यावं आणि समजावं, एवढीच त्यांच्या घरच्यांची इच्छा होती. आठवड्याला 4 दिवस, रोज 1 तास, असे 4 आठवडे, आणि त्याशिवाय घरचा सराव. एखाद्या आजारी माणसाला हे ऐकूनच दमायला होईल. पण इतकं दाट करण्यामागे विचार आहे: बदललेलं माप आठवड्यातून एकदा भेटून जागेवर येत नाही. 2024 मध्ये ब्रिटनमधला 388 रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांनी स्वतः सांगितलेला आवाजाचा त्रास या पद्धतीने जास्त कमी झालेला दिसला; तिथल्या सरकारी सेवेतल्या नेहमीच्या स्पीच थेरपीचा तेवढा उपयोग दिसला नाही. मला त्यातली एकाच सूचनेवर भर देण्याची रीत फार शहाणपणाची वाटते. श्वास घ्या, ओठ हलवा, सावकाश बोला, शब्द तोडा, असं एकदम सांगितलं तर आमच्यासारख्यांचा मेंदू गोंधळतो. "मोठ्याने" एवढंच सांगितलं तर तोंड आपोआप जास्त उघडतं, श्वास आपोआप खोल जातो, शब्दही सुटे होतात.

माझी वेळ सकाळची. गोळी लागू झाली की अंग सैल होतं, तेव्हा बसते. गोळीचा असर उतरल्यावर सराव करून पाहू नये, त्यातून फक्त निराशा पदरात पडते. पाठ सरळ, दोन्ही तळपाय जमिनीवर; वाकून बसलं की छाती दबते आणि श्वासाला जागाच राहत नाही. घोटभर पाणी जवळ. फोन रोज टेबलाच्या त्याच कडेला, माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यात डेसिबल मोजणारं ॲप आहे. अशा ॲपचा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसतो, फोनागणिक बदलतो. पण फोन तोच आणि अंतरही तेच ठेवलं तर आज कालच्यापेक्षा वर की खाली, एवढं नक्की कळतं. मला तेवढंच हवं असतं, माझ्या बाहेरचं एक माप.

सुरुवात "आ"ने. पोटापर्यंत श्वास, तोंड पूर्ण उघडं, आणि एका श्वासात जेवढा लांब आणि सरळ जाईल तेवढा "आऽऽऽ". जीभ आणि ओठ यांना यात काही काम नसतं, श्वास आणि ध्वनितंतू एवढेच कामाला लागतात. पहिले काही सेकंद आकडा वर स्थिर असतो. मग तो उतरू लागतो, आवाजाला बारीक कापरं भरतं, आणि घसा आवळून आणखी थोडं ओढावं असा मोह होतो. तिथे थांबायचं. घसा आवळून काढलेला मोठा आवाज आणि श्वासाच्या जोरावर आलेला मोठा आवाज, दोन्ही ॲपवर सारखेच दिसतात, पण पहिल्याने घसा बसतो. सराव झाल्यावर घसा दुखला किंवा आवाज खरखरीत झाला तर काहीतरी चुकतंय, ते थेरपिस्टला दाखवायला हवं. सराव सुरू करण्याआधीच घशाच्या डॉक्टरांकडून ध्वनितंतू तपासून घ्यावेत.

मग त्याच "आ"ला खालून वर न्यायचं आणि वरून खाली आणायचं, जेवढं जाईल तेवढं. सपाट झालेल्या आवाजात यानेच पुन्हा चढउतार येतात. प्रश्न विचारला की तो प्रश्न आहे हे समोरच्याला कळायला लागतं.

त्यानंतर माझी दहा वाक्यं. रोज घरात खरोखर लागणारी वाक्यं निवडायची असतात. "अहो, जरा इकडे या." "फोन कुणाचा होता?" "दार मी उघडते." "थांबा, माझं बोलणं संपलेलं नाही." ही "आ"च्याच जोराने म्हणायची. पुस्तिकेतली सुविचाराची वाक्यं म्हणण्यापेक्षा यांचा उपयोग जास्त, कारण दुपारी तेच वाक्य वापरायची वेळ येते तेव्हा सकाळचा जोर जिभेला आठवतो.

या वाक्यांचं रेकॉर्डिंग ऐकताना मला एक गोष्ट दिसली, ती मी इंग्रजीतून आलेल्या कुठल्याही माहितीपत्रकात वाचली नव्हती. आमचा आवाज वाक्याच्या सुरुवातीला बरा असतो आणि श्वास संपत येतो तसा विरत जातो. आणि मराठीत सगळं महत्त्वाचं वाक्याच्या शेवटी येतं. होय की नाही, केलं की करणार, हवं की नको, सगळं शेवटच्या एक-दोन शब्दांत. इंग्रजीत नकार मधेच येऊन जातो. आपल्याकडे "मी उद्या तपासणीला येणार नाही" या वाक्यातला "नाही" विरला की उरतं ते नेमकं उलट. रेकॉर्डिंगमध्ये माझे "नको" आणि "नाही" ऐकूच येत नव्हते. "मला आत्ता गोळी" एवढं ऐकून नवऱ्याने गोळी आणून हातात ठेवणं साहजिकच होतं, मी "नको" म्हटलं होतं तरीही.

तेव्हापासून मी सरावात दोन बदल केले. एक, वाक्याचा शेवट येण्याआधी थांबून नवा श्वास घ्यायचा. "उद्या तपासणीला", श्वास, "मी येणार नाही." ऐकणाऱ्याला हा विराम खटकत नाही, उलट तो कान देतो. दुसरा, नकार असला तर तो आधी सांगून टाकायचा. "नको. मला आत्ता गोळी नको." आणि रेकॉर्डिंग ऐकताना बाकी सगळं सोडून फक्त शेवटच्या शब्दाकडे लक्ष द्यायचं. तो पहिल्या शब्दाइतकाच ठणठणीत आला पाहिजे. महाप्राण अक्षरांचंही तसंच. ख, घ, ठ, थ, फ, भ यांना श्वासाचा जादा झोत लागतो. तो कमी पडला की "भाऊ" आणि "बाऊ" ऐकायला सारखेच. म्हणून मी मोठ्याने वाचायला मुद्दाम अशा अक्षरांनी भरलेला मजकूर घेते.

वाचन झालं की साधं बोलणं, आणि तेच सगळ्यांत कठीण. "आ" म्हणताना लक्ष आवाजावर असतं. बोलताना काय बोलायचं त्यावर जातं आणि आवाज पुन्हा खाली. हाताला काम असेल तर आणखीच. म्हणून सराव फक्त खुर्चीत बसून संपत नाही. कपड्यांच्या घड्या घालताना दिवसभराचा हिशोब मोठ्याने सांगायचा, खोलीत फिरताना फोनवर बोलायचं. फोन हा तर फारच चांगला मास्तर, कारण पलीकडच्याला ना ओठ दिसत, ना हातवारे. काही जणांचा त्रास वेगळा असतो, शब्द एकमेकांवर आदळत धावत सुटतात. त्यांना प्रत्येक शब्दागणिक बोटाने टेबलावर ठोका द्यायला शिकवतात.

एक निरीक्षण. नळ जोरात सोडलेला असताना मी बोलते तेव्हा माझा आवाज मी न वाढवता वाढतो. हे फार जुन्या काळापासून माहीत आहे. एतिएन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्ये नोंदवलं होतं की भोवती गोंगाट असला की माणूस आपोआप आवाज चढवतो. पार्किन्सन्समध्येही ही प्रतिक्रिया बऱ्याच जणांत शाबूत राहते. म्हणजे मोठा आवाज काढायची ताकद शरीरात असते, हाक कुठून तरी बाहेरून यावी लागते. माझ्या मनाला या एका गोष्टीने फार धीर दिला. आवाज हरवलेला नाही. तो आहे, त्याला बोलावायची वाट बदललीय.

ही बाहेरची हाक बहुतेक वेळा घरच्यांनीच द्यायची असते आणि तीसुद्धा शिकावी लागते. "काय? काय म्हणालीस?" हे सर्वांत निरुपयोगी वाक्य, कारण त्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागतं. आता नवरा जेवढं ऐकू आलं तेवढं म्हणून दाखवतो, "उद्या तपासणीला, पुढे?" मग मला फक्त हरवलेला तुकडा द्यायचा असतो. टीव्ही चालू असताना बोलायचं नाही, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत प्रश्न फेकायचा नाही, आणि माझं वाक्य माझ्या आधी पूर्ण करायचं नाही. हे शेवटचं त्याला फार अवघड गेलं. माणसं प्रेमाने दुसऱ्याचं वाक्य पूर्ण करतात, मला घाई नको म्हणून, मी दमू नये म्हणून. पण मला उत्तर जुळवायला दोन-तीन सेकंद जास्त लागतात आणि त्या सेकंदांत कुणी बोललं की मी गप्प बसते, आणि गप्प बसायची सवय आवाज जाण्यापेक्षा लवकर लागते. आवाज पडला की त्याने तळहात वर उचलायचा असं आमचं ठरलंय. लोकांसमोर "मोठ्याने बोल" ऐकणं मला जड जातं. हाताची खूण चालते.

संध्याकाळी हे सगळं उतरतं. गोळीचा असर ओसरतो, थकवा येतो, सकाळची बाई संध्याकाळी नसते. मी तेव्हा झगडत नाही. महत्त्वाचं बोलणं सकाळी उरकते. सर्दी-पडसं झालं की सराव मागे पडतो आणि तो सोडला की आवाज लगेच खाली सरकतो, हेही खरं. हा आजार वाढत जाणारा आहे, सरावाने तो थांबत नाही, आणि असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. आणखी एक सांगायला हवं. गिळण्याचे बरेचसे स्नायू बोलण्याचेच. पाणी पिताना ठसका लागत असेल, खाल्ल्यावर आवाज ओलसर, घोगरा येत असेल, तर वाट न बघता डॉक्टरांना सांगावं, कारण अन्न-पाणी फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

सध्या माझ्यापुढे डीबीएसचा, म्हणजे मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार आहे. कंप आणि ताठरपणा तिने पुष्कळ कमी होऊ शकतात, दिवसभरातले चढउतारही. बोलणं मात्र तिने सहसा सुधारत नाही, आणि काहींचं आणखी बिघडतं. लेव्होडोपाच्या, म्हणजे मेंदूतलं डोपामिन वाढवणाऱ्या गोळ्यांचंही असंच, हातापायांना जेवढा आराम देतात तेवढा आवाजाला देत नाहीत. नवरा म्हणतो, कंप गेला तर तू स्वतःच्या हाताने जेवशील. मुलगी म्हणते, आई, तू ठरव. म्हणून माझ्या दहा वाक्यांतली तीन मी बदललीत. "या ऑपरेशनने माझ्या बोलण्याचं काय होईल?" "आधी माझ्या आवाजाची नोंद करून ठेवाल का?" "बोलणं बिघडलं तर यंत्राचं सेटिंग बदलून ते सुधारेल का?" डॉक्टरांची वेळ सकाळची मागून घेतली आहे, गोळी घेतल्यावर तासाभराने येणारी. प्रश्न मी विचारणार आहे. नवरा शेजारी बसेल, आणि त्याने फक्त हात वर करायचा आहे, तोही लागलाच तर.